जोडरस्त्यावरून महामार्गात गाडी घालायची कशी?

नमस्कार! जोडरस्ता संपत आलाय, शेजारून ताशी ९० किलोमीटरने गाड्या चालल्यात आणि तुमचा काटा ५० वर. अशा वेळी नवख्या चालकाचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. त्याला वाटतं, आपण जपून चालवतोय. खरं तर सगळ्यात मोठा धोका तोच.

हिशेब बघा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तुम्ही टोकाला थांबलात, तर शून्यावरून ९० गाठायला साध्या गाडीला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात मागची गाडी अडीचशे-तीनशे मीटर पुढे आलेली असते. त्यातलं निम्मं अंतर तुम्हीही कापता, पण मध्ये दोन सेकंदांची फट उरायला हवी. म्हणजे मागे किमान दोनशे मीटर रस्ता रिकामा हवा. गर्दीच्या वेळी तो मिळणार कुठून?

दुसरा घोळ तुमच्याच मागे होतो. मागचा चालक मान वळवून महामार्गाकडे बघत असतो. तुम्ही निघालात असं त्याने गृहीत धरलेलं असतं, आणि तुम्ही ऐन वेळी ब्रेक मारता. धडक ठरलेली. तुम्ही मागे असाल, तर पुढची गाडी खरोखर शिरल्याशिवाय नजर तिच्यावरून फार वेळ हटवू नका.

मग करायचं काय? वळणावर वेग वाढवू नका. रस्ता सरळ झाला की लगेच महामार्गाकडे नजर टाका आणि कोणत्या दोन गाड्यांच्या मध्ये शिरायचं ते ठरवा. इंडिकेटर आत्ताच द्या, वळवताना नाही. पाचव्या गिअरमध्ये ५० वर गाडी ओढणार नाही, तिसरा टाका. इंजिन ओरडेल, ओरडू दे! जोडरस्त्याच्या शेवटी महामार्गाला लागून असलेली ती जादाची लेन वेग धरण्यासाठीच असते.

जागा किती हवी? ९० च्या वेगाला दोन गाड्यांमध्ये साधारण शंभर मीटर. मधोमध शिरलात की पुढे-मागे जवळपास दोन-दोन सेकंद उरतात. आरसा बघा, मग खांद्यावरून एक झटकन नजर, कारण शेजारची दुचाकी आरशात दिसेलच असं नाही. लगेच नजर पुढे. स्टिअरिंग हलकेच वळवा. गाडी तीन-चार सेकंदांत अलगद सरकली पाहिजे, कट मारून नाही.

ट्रकच्या नाकासमोर घुसू नका. भरलेला ट्रक तुमच्या गाडीसारखा थांबत नाही. आतल्या आरशात त्याचे दोन्ही हेडलाइट दिसले की मगच समोर या.

जागाच मिळत नसेल, तर वेग लवकर कमी करा. लेनच्या टोकाला जाऊन थांबलात, तर पुन्हा वेग घ्यायला रस्ताच उरत नाही. सुरुवातीलाच रेंगाळलात, तर जागा दिसल्यावर पळायला वाव राहतो. अर्थात, मागे कोणी चिकटलंय का ते आधी बघा.

आता महामार्गावरच्यांसाठी. हक्क तुमचा, कबूल. पण पलीकडची लेन मोकळी असेल, तर जोडरस्ता येण्याआधीच तिकडे सरका. नसेल, तर वेग स्थिर ठेवा, फार तर ॲक्सिलरेटर थोडा सोडा. 'येऊ दे बिचाऱ्याला' म्हणून करकचून ब्रेक मारणं ही माणुसकी मागच्याला महागात पडते. मुद्दाम वेग वाढवून फट बुजवणारे तर वेगळेच महाभाग! आणि डिपर मारू नका: एकाला तो 'ये' वाटतो, दुसऱ्याला 'थांब'.

वाहतूक तुंबली असेल, तर गणित बदलतं. तिथे लवकर शिरायची घाई नको. दोन्ही लेन शेवटपर्यंत भरू द्या आणि टोकाला झिपच्या दातांसारखं, एक इकडची, एक तिकडची. जर्मनीत तर हे वाहतूक नियमांतच लिहिलंय. शेवटपर्यंत येणारा घुसखोर नसतो, त्याला आडवं जाऊ नका. तुमच्यासमोर एक गाडी घ्या. तिच्या शेपटाला धरून दुसरी आली, तर तिने तुमच्या मागे लागायचं.