कमरेखालच्या खुणा

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'अमेरिकन विनोदी कादंबरी आणि बेसबॉल' असा छापलाय. ठरला होता तो असा: 'चावट बेसबॉल कादंबरी मराठीत आणायची कशी?' छापखान्यापर्यंत पोचता पोचता 'चावट' हा शब्द वाटेत कुठेतरी उतरला. हरकत नाही. सभागृह भरलंय त्याअर्थी बातमी योग्य त्या मंडळींपर्यंत पोचलेली दिसते.

पहिल्यांदा एक तक्रार. बेसबॉलवरच्या अमेरिकन साहित्याची एक सोवळी शाखा आहे. गवतावरचं दव, थकलेले वडील, माळ्यावर सापडलेला लहानपणीचा ग्लोव्ह आणि शेवटच्या पानावर ओले डोळे. वाईट नाही, पण मानाचं पान कायम तिलाच. दुसरी शाखा ओवळी. त्यात खेळाडू घोरतात, ढेकर देतात, तंबाखू थुंकतात, हॉटेलच्या गच्चीवरून भलतीकडे बघतात आणि मैदानावर नको तिथे खाजवतात. तिच्याबद्दल समीक्षक म्हणतात, "मजेदार आहे, पण अश्लीलता टाळता आली असती." टाळता आली नसती, हेच मला आज सांगायचंय. या खेळात चावटपणा लेखक वरून भुरभुरत नाही, तो खेळाच्या रचनेतच आहे.

कॅचर कसा बसतो बघा. (समोरच्या रांगेने घाबरू नये, मी बसून दाखवणार नाही. गुडघे परवानगी देत नाहीत.) बॅटरच्या मागे उकिडवा, आपल्या विकेटकीपरसारखा, तोंड पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे. पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा. पुढचा चेंडू कुठला टाकायचा हे कॅचर सांगणार, आणि ते फक्त पिचरला दिसलं पाहिजे. पहिल्या बेसजवळ (बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचा टप्पा; सगळे फिरून 'घरी' पोचला की धाव) विरुद्ध संघाचा कोच उभा, तिसऱ्या बेसजवळ दुसरा, त्यांच्या मागे डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या बाकांवर, अख्खा संघ. सगळे टपलेले. मग खूण करायला आडोशाची जागा कुठली उरली? मांड्यांच्या मध्ये. उजवी मांडी पहिल्या बेसकडून आडोसा करते. डाव्या गुडघ्यावरून ग्लोव्ह खाली सोडला की तिसऱ्या बेसकडची नजर अडते. आणि उजवा हात थेट जांघेत, गार्डला टेकवलेला. २०२२ पर्यंतचा साधारण रिवाज असा: एक बोट म्हणजे फास्टबॉल (वेगवान, सरळ), दोन म्हणजे कर्व्ह (वळून खाली येणारा), तीन म्हणजे स्लायडर (आडवा सरकणारा), चार बोटं हलवली की चेंजअप (फसवा, हळू).

यात बिघडतं कुठे? हात जरा खाली घसरला की बोटं मांडीखालून लोंबतात आणि कोचला फुकटात दिसतात. फार वर नेला तर सावलीत पिचरलाच दिसत नाहीत. रात्रीच्या सामन्यात ही अडचण मोठी, म्हणून कॅचर नखांना भडक नेलपॉलिश लावायचे नाहीतर बोटांवर पांढरी पट्टी चिकटवायचे. नव्वद-शंभर किलोचा, दोन बोटं मोडून वाकडी झालेला गडी ड्रेसिंग रूममध्ये नखं रंगवत बसलाय, या दृश्यात कादंबरीकाराने भर काय घालायची? आणि रनर दुसऱ्या बेसवर पोचला की तो थेट समोरच. त्याला सगळं दिसतं. मग खुणांची माळ सुरू: चार-पाच खुणा एकापाठोपाठ, त्यातली खरी कुठली ते आधी ठरलेलं. म्हणजे 'दोन बोटांनंतरची जी येईल ती' असं काहीतरी. पिचर मोजणीत चुकला, की कॅचर कर्व्हची वाट बघत ग्लोव्ह खाली धरून बसलाय आणि येतो ताशी दीडशे किलोमीटरचा सरळ चेंडू. अंगठा मोडतो, किंवा चेंडू मागच्या अंपायरला लागतो, किंवा गार्डवर आदळतो. त्या आवाजावर पन्नास हजार माणसं एकदम "आई गं" म्हणतात. गल्लीत क्रिकेट खेळलेल्यांना हे समजवायला नको.

या खुणा चोरायचंही मोठं शास्त्र आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी आपल्या मैदानात सेंटर फील्डमागच्या खोलीत दुर्बीण लावून माणूस बसवला होता, तिथून बझरने इशारा जायचा. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी कॅमेऱ्यावर खुणा बघितल्या आणि डगआउटच्या आडोशाला कचऱ्याचा डबा बडवला. ठोका पडला की वळणारा किंवा हळू चेंडू, शांतता असली की फास्टबॉल. पुढे पन्नास लाख डॉलर दंड झाला. दुर्बीण, तारा, कॅमेरे, करारातली कलमं... आणि एवढं सगळं कशासाठी, तर एक थोराड माणूस स्वतःच्या जांघेत कितवं बोट हलवतोय ते बघण्यासाठी. २०२२ पासून मनगटावरची बटणं आली. कॅचर बटण दाबतो, पिचरच्या टोपीत आवाज येतो. खेळ सुटसुटीत झाला, विनोदी वाङ्मयाचं नुकसान झालं.

तर कमरेखालचं काम हे एक कारण. दुसरं कारण रिकामा वेळ. हंगामात एकशेबासष्ट सामने, त्यातले एक्याऐंशी परगावी. सुरुवात करणारा पिचर चार-पाच दिवसांतून एकदा टाकतो, उरलेले दिवस सूर्यफुलाच्या बिया सोलतो. राखीव पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे त्यांच्या सरावाच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकून बसतात आणि बहुतेक दिवशी सातव्या डावापर्यंत त्यांचं नावही कुणी काढत नाही. अडीच-तीन तासांच्या सामन्यात चेंडू खरोखर हलता असतो तो जेमतेम वीस मिनिटं. विशीतली पंचवीस-सव्वीस पोरं, अंगात रग, खिशात भत्ता, घर लांब, उद्या पुन्हा विमान. एसटीच्या मुक्कामी गाडीचे कंडक्टर-ड्रायव्हर काय गप्पा मारतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांनी त्याला पंचवीसने गुणावं.

हे जगापुढे उघडं केलं ते कादंबरीने नाही, एका डायरीने. जिम बाउटन हा पूर्वी न्यूयॉर्क यांकीज संघाचा नावाजलेला पिचर. हात दुखावल्यावर नकलबॉल नावाच्या हळू, डुगडुगत्या चेंडूच्या जोरावर तगून होता. १९६९ चा हंगाम त्याने आधी सिॲटल पायलट्सकडून आणि मग ह्यूस्टनकडून काढला आणि रोज टिपणं ठेवली. १९७० मध्ये 'बॉल फोर' आलं. त्यात उत्तेजक गोळ्या होत्या, यांकीजचा तारा मिकी मँटल याची दारू होती, हॉटेलांच्या छपरांवरून खिडक्यांत डोकावणारे संघ होते. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी त्याला बोलावून घेतलं आणि हे सगळं खोटं आहे असं लिहून द्यायला सांगितलं. त्याने दिलं नाही. पुस्तक तडाखेबंद खपलं. आयुक्तांइतका उत्तम जाहिरातदार प्रकाशकाला पगार देऊनही मिळाला नसता.

या डायरीत गच्चीइतकीच पैशाचीही बोलणी आहेत, हे मात्र लोक विसरतात. त्या काळी रिझर्व्ह क्लॉज होता. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा. विकला तर गेलं पाहिजे, ठेवला तर राहिलं पाहिजे. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने ते मोडलं. ज्या माणसाला उद्या कुठल्या गावात नांदायचंय हे ठरवता येत नाही, तो वाह्यात बोलतो. दुसरं त्याच्या हातात असतं काय?

आता १९७३. फिलिप रॉथची 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल'. नावातच टवाळी: आपली ती महाकादंबरी, आणि आत सगळा फाजीलपणा. सांगणारा सत्त्याऐंशी वर्षांचा क्रीडापत्रकार स्मिटी. गोष्ट १९४३ ची. रूपर्ट मंडीज नावाचा संघ आहे. मालकांनी मैदान युद्धखात्याला भाड्याने दिलंय, म्हणून संघाला अख्खा हंगाम परगावी खेळायचाय. घरचं मैदानच नाही. चांगले खेळाडू लढाईवर गेलेले, उरले एका पायाचा कॅचर, एका हाताचा फील्डर असे. वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांशी सामना होतो, आणि तो हे दणक्यात जिंकतात.

एका हाताचा फील्डर ही अतिशयोक्ती वाटते? पीट ग्रे. सेंट लुइस ब्राउन्स, १९४५, सत्त्याहत्तर सामने, बॅटिंगची सरासरी .२१८, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका. उजवा हात नव्हता. डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये चेंडू घ्यायचा, ग्लोव्ह उजव्या काखेत दाबायचा, चेंडू छातीवरून घरंगळत मोकळ्या झालेल्या हातात यायचा, की फेक. हे सगळं एका दमात. पण जो अर्धा क्षण जायचा तेवढ्यात रनर एक बेस जास्त काढायचा. रॉथचा फील्डर चेंडू ग्लोव्हमधून दातांनी काढतो. कधीकधी तो तोंडातच अडकतो आणि धावणारे घरी पोचतात. वास्तवात छाती, कादंबरीत तोंड. एवढाच काय तो फरक.

रॉथने १९६१ मध्येच एका लेखात रडगाणं गायलं होतं, की अमेरिकेतलं वास्तव लेखकाच्या कल्पनेला रोज मागे टाकतं. गंमत बघा, ही कादंबरी आली त्याच वर्षी मार्चमध्ये यांकीजचे दोन पिचर, फ्रिट्झ पीटरसन आणि माइक केकिच, यांनी जाहीर केलं की आम्ही कुटुंबांची अदलाबदल केली आहे. बायका, मुलं, कुत्रीसुद्धा. दोघेही डावखुरे, म्हणजे त्या बाबतीत संघाचं काही बिघडलं नाही. जूनमध्ये केकिचला क्लीव्हलँडला धाडलं, पुढच्या वर्षी पीटरसनलाही क्लीव्हलँडलाच. हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने "पटत नाही" म्हणून काट मारली असती.

पण रॉथचा खरा हात दिसतो तो एका प्रसंगात. एका शहरात मंडीजचे खेळाडू बदनाम वस्तीत जातात. वाचक सरसावून बसतो. वस्तीतले दिवे लाल नाहीत, गुलाबी आणि निळे आहेत, बाळाच्या झबल्या-टोपड्याच्या रंगांचे. तिथे बायका पैसे घेतात आणि दाढीमिशा आलेल्या पुरुषांना पाळण्यात निजवतात, बाटलीने दूध पाजतात, अंगाई म्हणतात. हसता हसता लक्षात येतं, की वर्षभर घर न पाहिलेल्या माणसांची भूक ही आहे. म्हणून म्हणतो, 'अश्लीलता टाळता आली असती' म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेलंच नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता सुरू होतंय. भराभर सांगतो.

एक, बेस. अमेरिकन पोरं प्रेमाची प्रगती बेसमध्ये मोजतात. पहिल्या बेसवर चुंबन, तिथून क्रमाने खाली. चौथं होम, तिथे काय ते समजून घ्या. अनुवादक इथे क्रिकेटकडे धावतो, कारण 'क्लीन बोल्ड' आणि 'विकेट पडली' हे प्रेमाच्या खात्यात आपल्याकडे केव्हाच जमा आहेत. पण क्रिकेटमध्ये माणूस दोन टोकांत येरझारा घालतो, बेसबॉलमध्ये फिरून निघाल्या जागी येतो. ते आपल्याला सोंगट्यांत सापडतं. सोंगटी घराघरातून फिरते, मारली जाते, आणि शेवटी घरात येते. 'होम'ला 'घर' म्हणा आणि पुस्तकभर तोच शब्द ठेवा. मंडीजना घर नाही हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दोन, शिव्या. मॅनेजर अंपायरला "निर्णय भिकार होता" म्हणाला तर बहुधा खपतं. "तू भिकार आहेस" म्हणाला की बाहेर. इंग्रजीत ही रेघ एका सर्वनामावर आहे आणि वाचकाच्या सहज नजरेतून सुटते. मराठीत ती आयती मिळते: "अहो साहेब, कुठे बघत होतात?" पासून "अरे ए आंधळ्या" पर्यंत. 'अहो'चा 'अरे' झाला त्या शब्दाला अंपायरचा हात वर गेला पाहिजे. शिवीची जास्त गरजच नाही.

तीन, द्व्यर्थी शब्द. 'बॉल'वरचे इंग्रजी विनोद जसेच्या तसे आणू नका, चेंडूला मराठीत तो दुसरा अर्थ नाही. पण 'दांडी' आहे, आणि दादा कोंडक्यांच्या प्रेक्षकाला ती समजावून द्यावी लागत नाही. विनोद त्याच ओळीत आला पाहिजे असा हट्ट नको. इथे गेला तर तीन पानांनी भरून काढा. फक्त हिशेब ठेवा. बतावणीतला सोंगाड्या तेच करतो.

चार, अशुद्धलेखन. रिंग लार्डनरने १९१६ मध्येच 'यू नो मी अल' या पुस्तकात एका बढाईखोर पिचरची पत्रं चुकीच्या स्पेलिंगांत लिहून हा रस्ता पाडला. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केल्या तर वाचक मुद्रितशोधकाला शिव्या घालेल. चूक शब्दांच्या भपक्यात दाखवा: 'माझी सदरहू बायको', 'मौजे शिकागो'.

पाच, तळटीप. विनोदाला तळटीप म्हणजे गुदगुल्या करण्याआधी अर्ज.

शेवटचं, झालंच. 'स्क्रूबॉल' नावाचा चेंडू आहे. कर्व्हच्या उलट, सोडताना मनगट आतून बाहेर पिळायचं. इंग्रजीत त्या शब्दाला तीन अर्थ: चेंडू, चक्रम माणूस आणि तिसरा तुम्हाला माहीत आहे. अनुवादक 'वक्रचेंडू' वगैरे लिहून मोकळा होतो आणि तिन्ही घालवतो. शब्द 'स्क्रू'च ठेवा. 'स्क्रू ढिला' आपल्याकडे घरोघरी आहे, दुसरा अर्थ फुकट मिळाला. तिसऱ्यासाठी पाना आणि पेचकस हाताशी आहेत, आणि तुमचा वाचक साधा नाही. आणि कुणी विचारलंच, की हा चेंडू टाकून होतं काय, तर जायंट्सच्या कार्ल हबेलचा फोटो दाखवा. एवढी वर्षं स्क्रूबॉल टाकला, की नुसता उभा राहिला तरी त्याच्या डाव्या हाताचा तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला असायचा.