माहीत आहे म्हणण्याचं वय

श्रोतेहो, नमस्कार.

हिशेबाच्या खात्यात बराच काळ काढलेल्या माणसांना एक युक्ती ठाऊक असते. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत नसल्या, तेरीज अडली, की लगेच कागद उपसत बसायचं नाही. आधी फरकाची रक्कम घ्यायची आणि तिला ९ ने भागून बघायचं. पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुणाच्या तरी हातून आकड्यांची अदलाबदल झाली आहे. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले, की फरक येतो ९०० चा. शेजारचे कुठलेही दोन आकडे उलटे पडले तरी फरकाला ९ ने भाग जातोच. नाहीच गेला, तर फरक निम्मा करायचा आणि ती निम्मी रक्कम कुठे दिसते का ते बघायचं. पुष्कळदा ती चुकीच्या बाजूला चढलेली सापडते.

मी हेच काम करते. आता संगणक एकतर्फी नोंद घेतच नाही हे खरं, पण बँकेच्या उताऱ्याशी ताळा करताना किंवा हाताने भरलेले आकडे तपासताना हा ९ चा भागाकार अजूनही कामाला येतो. आमच्याकडे नव्याने लागलेली मुलं माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत. त्यांची बोटं कळफलकावर पळतात, माझी चालतात. पण फरक आला की तीच मुलं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. मी आकड्याकडे नुसती बघते आणि म्हणते, मागच्या आठवड्याच्या नोंदी काढ, तिथे असेल. बहुतेक वेळा तिथेच असतं.

यात माझी काही जादू नाही. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार मानले होते. एक प्रवाही बुद्धी, म्हणजे अगदी नव्या प्रश्नाला तिथल्या तिथे भिडण्याची ताकद, आणि दुसरी अनुभवातून साठत गेलेली. डोक्याचा वेग तरुणपणीच हळूहळू उतरू लागतो. शब्दसंग्रह आणि कामातली समज मात्र पन्नाशीतही वाढत राहते, कित्येकांची साठीपर्यंत. म्हणजे माझ्या टेबलाशी उभी असलेली ती मुलगी आणि मी, दोघी मिळून एक चांगला कर्मचारी होतो. हे मी आमच्या साहेबांना सांगितलेलं नाही. उगाच एकाच पगारात दोघींना बसवायचे.

तर, मधल्या वयात कामाच्या ठिकाणी आपल्याला बक्षीस मिळतं ते न बघता कळण्याबद्दल. पाच वाजता पर्स उचलून निघावं, तर ही सवयही सोबत घरी येते. नवरा काय म्हणणार, माहीत आहे. बाबा कुठली गोष्ट सांगणार, माहीत आहे. गुडघा का दुखतो, तेही माहीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडी दिवसभरात सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य कुठलं, अशी कुणी मोजदाद केली, तर माझी पैज ‘माहीत आहे मला’ यावर राहील.

मी सध्या चित्रकला शिकते. कारण काही उदात्त नव्हतं. मुलीला तिच्या क्लासला सोडायचं आणि परत आणायचं, यामध्ये मोकळा वेळ होता आणि त्याच इमारतीत रेखाटनाचा वर्ग चालत होता. आमचे सर माझ्याहून वयाने बरेच लहान. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात आणि मग अत्यंत आदराने माझ्या कागदावर खोडरबर फिरवतात.

पहिला धडा कपाचा. साधा, कानाचा कप. तो काढायला कितीसा वेळ लागणार? कपाचं तोंड गोल असतं हे मला माहीत, आणि तळ टेबलावर सपाट टेकलेला असतो हेही माहीत. म्हणून नवशिका माणूस काय करतो, वरती गरगरीत गोल काढतो आणि खाली पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारतो. कागदावर जे उतरतं त्याला कप म्हणायला मोठं मन लागतं. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही कपाकडे बघतच नाही आहात. तुम्हाला माहीत असलेला कप काढताय.

मग नीट बघितलं. समोरच्या कपाचं तोंड लंबगोल दिसतं. आणि तळाची कड सरळ तर नसतेच, उलट ती तोंडापेक्षाही जास्त वाकलेली दिसते. डोळ्यांच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली, तितका तिचा लंबगोल अधिक उघडतो. तळ तोंडाच्या खाली, म्हणून त्याचा बाक मोठा. चेहऱ्याचंही तसंच. डोळे कपाळाच्या जवळ कुठेतरी वर असतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंत अंतर मोजलं, तर डोळे जवळपास बरोबर मधोमध येतात. आज आरशात पेन्सिल धरून बघा. मला पटायला वेळ लागला.

त्या वर्गात मला सर्वांत काय आवडत असेल, तर तिथे मला कुणी काही विचारत नाही. ऑफिसात विचारतात, घरात विचारतात, माझी चावी कुठे आहे इथपासून विम्याचा हप्ता भरला का इथपर्यंत. वर्गात मी सगळ्यांत कच्ची. शेजारचा शाळकरी मुलगा माझ्या कागदात डोकावतो आणि काही न बोलता पुन्हा आपल्या कागदाकडे वळतो, तेवढ्यात मला सगळं कळतं. मधल्या वयात एखाद्या गोष्टीत खुशाल कच्चं असण्याची संधी फार कमी मिळते हो. म्हणून छंदाला कामाला लावणारे सल्ले मला पटत नाहीत. छंदातून चार पैसे मिळवा, छंदाचं प्रदर्शन मांडा, छंदाने स्मरणशक्ती वाढवा! अहो, एक तरी गोष्ट निरुपयोगी राहू द्या की.

आता माझंच बोलणं मला थोडं मागे घ्यायला लागणार आहे, कारण त्या पेन्सिलीचा एक उपयोग झालाच.

सरांनी हात काढायला सांगितले होते. स्वतःचा डावा हात काढून कंटाळा आला, म्हणून मी बाबांना समोर बसवलं. ते त्यांच्या नोकरीतली तीच ती बदलीची गोष्ट सांगत होते आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होते. इतका वेळ मी त्यांच्या हातांकडे कधी बघितलेलं नव्हतं. बघण्याचं कारणच काय? बोटांचे पेर सुजून जाड झालेले होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीला टेकताना मध्येच थांबत होता. मग लक्षात आलं, बाबांनी हल्ली बटणांचे शर्ट घालणं सोडलंय. डोक्यातून घालायचे टी-शर्ट तेवढे घालतात. आमच्याकडे त्यावर थट्टा चालायची, आजोबा स्टायलिश झाले म्हणून, आणि तेही हसायचे. मी विचारलं, तर म्हणाले, ‘बोटं ऐकत नाहीत गं. बटण लावायला दहा मिनिटं लागतात. कशाला सांगायचं तुला, तुझ्यामागे काय कमी आहे?’ डॉक्टरांनी तपासलं, सांध्यांचं दुखणं निघालं. औषध, शेक, बोटांचे व्यायाम सुरू आहेत. बटणं मात्र अजून जिंकतायत.

एकीकडे म्हातारे आईवडील आणि दुसरीकडे वाढती मुलं, या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या पिढीला सँडविच पिढी म्हणतात. डोरोथी मिलर या समाजकार्य क्षेत्रातल्या बाईंनी १९८१ साली हे नाव रूढ केलं. नाव चपखल आहे, पण त्यात सगळा भर ओझ्यावर आहे. ओझं तर आहेच, ते मी नाकारत नाही. मला जास्त खटकतं ते असं, की ओझं वाहताना आपण ज्यांच्यासाठी वाहतो त्यांच्याशी ठरलेल्या प्रश्नांतच बोलू लागतो. जेवलात का, गोळी घेतली का, अभ्यास झाला का, कधी येणार. उत्तरंही ठरलेली. हो, घेतली, झाला, येते.

मुलीच्या बाबतीत मला ही अडचण कमी येते. तिच्याविषयी काही माहीत आहे असं समजायची सोय तीच ठेवत नाही. गेल्या महिन्यात जे तिला जीव की प्राण होतं, त्याचं या महिन्यात नावही काढायचं नसतं.

आणि नवरा? तो हे भाषण ऐकतोय. पुढे जाऊ या.

तब्येतीबद्दल मात्र जरा थांबून बोलायचंय, कारण तिथे ‘माहीत आहे’ महागात पडतं. थकवा येतो? वयाचं आहे. वजन वाढलं? चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, माहीत आहे. या दुसऱ्या समजुतीची गंमत ऐका. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक माणसांचा, अगदी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास तोच राहतो, असं त्यात दिसलं. घसरण लागते ती साठीनंतर. म्हणजे चाळिशीतल्या पोटाचं खापर चयापचयावर फोडायची सोय गेली. खुर्ची, अपुरी झोप, कमी झालेले स्नायू यांच्याकडे बघावं लागणार. मला ही बातमी अजिबात आवडली नव्हती.

‘वयाचं आहे’ या दोन शब्दांखाली काय काय झाकलं जातं बघा. थायरॉइड मंदावला तरी थकवा येतो, रक्तातलं लोह कमी झालं तरी येतो, साखर वाढली तरी येतो. बायकांना साधारण ४५ ते ५५ या वयात पाळी थांबण्याच्या आसपास झोप उडते, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. त्यालाही उपाय असतात, पण डॉक्टरांना सांगितलं तर ना. आणि यातलं नेमकं कुठलं, ते घरबसल्या ठरवण्याइतके आपण कुणीच हुशार नसतो. त्यासाठी रक्त काढायला हात पुढे करावा लागतो.

साखरेसाठी उपाशीपोटी एकदा तपासणी केली की त्या सकाळचा आकडा कळतो. एचबीए१सी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांना चिकटत जाते. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याहून वर गेली तर मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात असाल तर वेळ अजून हातात आहे. हिशेबनीस म्हणून मला ही तपासणी भारी आवडते. आदल्या दोन दिवसांत पथ्य पाळून ती फसत नाही.

रक्तदाबाचं तर काही जाणवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ज्यांना तो आहे त्यांतल्या जवळपास निम्म्यांना पत्ताच नसतो. घरी यंत्र असेल तर कृपा करून एवढं करा. पाच मिनिटं स्वस्थ बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात हृदयाच्या पातळीला. आणि पट्टा फुगत असताना गप्पा मारू नका, बोलण्यानेही आकडा चढतो. आमच्या घरी नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना बोलायला सुचतं.

व्यायामाचं थोडक्यात. त्याच संघटनेची शिफारस आहे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, दुसरं गाळलं जातं. चालणारे पुष्कळ, वजन उचलणारे थोडे. हात न टेकता खुर्चीतून सलग दहा वेळा उठून बसून बघा, मग सांगा.

या वयाला संकट म्हणायची एक रीत पडली आहे. एलियट जॅक्स या कॅनेडियन मानसविश्लेषकाने १९६५ साली एका लेखात मध्यायुष्यातल्या संकटाची कल्पना मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे जेवढं आयुष्य आहे ते मागच्यापेक्षा कमी, हे माणसाला या सुमाराला पहिल्यांदा जाणवतं, असं काहीसं त्यांचं म्हणणं. लेख छापून आला तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी ३८ वर्षं जगले, आणि जगले म्हणजे नुसते बसून राहिले नाहीत, पुस्तकं लिहीत आणि संस्थांना सल्ले देत राहिले. संकट या शब्दाने कल्पना गाजली खरी, पण त्यांच्या स्वतःच्या हिशेबात तो शब्द फारसा बसत नाही.

मला संकटापेक्षा ‘निवृत्तीनंतर बघू’ याची जास्त काळजी वाटते. पेटी निवृत्तीनंतर, पोहणं निवृत्तीनंतर, भावाशी नीट बोलणं तेही निवृत्तीनंतर. जणू तेव्हा बोटं आजच्यासारखीच असतील. बाबांच्या कपाटात जलरंगांची एक पेटी आहे, निवृत्तीनंतर रंगवायचं म्हणून घेतलेली. रंग वाळून गेलेत, तरी त्यांनी ती मला काढून दिली. म्हणाले, ‘घे, ब्रश चांगले आहेत.’ ब्रश खरंच चांगले आहेत. पण सर मला अजून रंगाला हात लावू देत नाहीत. पुढच्या आठवड्यात खुर्ची आहे. तिला चार पाय आहेत, ते जमिनीवर चार वेगवेगळ्या ठिकाणी टेकतात, आणि मला खुर्ची कशी असते ते अगदी पक्कं माहीत आहे, तेव्हा वर्गात काय होणार ते उघडच आहे.

नमस्कार.