बल्ब कधी काढायचा?

(पहाट. द्राक्षबागेत शेकोट्या. धूर जमिनीलगत पसरलेला.)

निफाड. नाशिक जिल्ह्यातला द्राक्षांचा तालुका. डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत हे नाव हटकून येतं. उत्तरेचं वारं सुटलं की पारा ५-६ अंशांवर उतरतो आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात.

याच बागेच्या बांधाला ही पत्र्याची खोली. आत बल्बचा पिवळा उजेड आणि त्याखाली गिरिराज जातीच्या कोंबडीची ६० पिल्लं. आज त्यांना पाच आठवडे पूर्ण झाले. बाहेर खुराडं तयार आहे आणि आजींच्या मनात एकच विचार आहे. न्यायची कधी?

(पिल्लू हातात. पंख उचललेला.)

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. त्या लवेत ऊब टिकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. आधी पंखांना पिसं फुटतात, मग शेपटीला, खांद्यांना, छातीला. पंखाखालची जागा बराच काळ उघडीच राहते. आजी कॅलेंडर बघत नाहीत. पंख उचलतात, छातीवर हळूच फुंकर मारतात. कातडी दिसली की पिल्लू परत खाली.

"अजून चार-सहा दिवस," त्या म्हणतात. "पिसं भरू देत."

पण पिसं भरली म्हणून काम झालं असं नाही. हिशेब करून बघा. पाचव्या आठवड्यात आत २३-२४ अंश असतात आणि बाहेर पहाटे ६. एका रात्रीत हे अंतर पिल्लाला झेपत नाही.

(जुनं दृश्य : खुडूक कोंबडी, पंखाखाली पिल्लं.)

खुडूक कोंबडीकडे पाहिलं की उत्तर सापडतं. ती पिल्लांना घेऊन उकिरड्यावर जाते. घटकाभर उकरते, चरते, मग जागा बघून बसते. पिल्लं धावत पोटाखाली शिरतात, ऊब घेतात, पुन्हा बाहेर पडतात. दिवसभर हेच चालू. थंडी त्यांना घोटाघोटानं मिळते. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला आई नसते, बल्ब असतो. आणि बल्ब जागचा हलत नाही. मग ते जाणं-येणं माणसानंच घडवायचं.

आजींनी तिसऱ्या आठवड्यातच सुरुवात केली. दुपारी बाराच्या उन्हात, वारा नसेल तेव्हा, डालग्याखाली अर्धा तास. डालगं हवंच, कारण घार वरून बघत असते. मग तास, दोन तास. चौथ्या आठवड्यात दिवसा बल्ब बंद. आता पाचवा संपला, आजपासून रात्रीही बंद, पण जागा तीच, भिंती त्याच. रात्री दोनदा उठून त्या कान देतात. सुखात असलेली पिल्लं पसरून झोपतात, हलकी कुजबुज चालू असते. गारठलेली पिल्लं एका जागी गोळा होतात आणि चिरक्या आवाजात ओरडत राहतात. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

मी तो ऐकलाय. आमच्या घरी एका डिसेंबरात मध्यरात्री वीज गेली. पिल्लं चौकोनी खोक्यात होती. सकाळी एका कोपऱ्यात ढीग होता. वरची पिल्लं जिवंत होती, खालची गेली होती. थंडीनं नव्हे, गुदमरून. ऊब शोधत ती एकमेकांवर चढत गेली आणि कोपऱ्यात दाबली गेली. म्हणून पिल्लांभोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करतात. कोपराच ठेवायचा नाही. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. तिचा विषारी वायू माणसालाही पुरतो, पिल्लाचं तर विचारूच नका.

(खुराडं. आजी गुडघे टेकून आत वाकलेल्या.)

आता खुराडं. थंडी म्हटलं की लोक चारही बाजूंनी गोणपाट ठोकतात, आणि माझ्या मते हिवाळ्यात सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. विष्ठेतला अमोनिया कोंडतो, श्वासाची वाफ पत्र्याला लागून खाली ठिबकते, जमिनीवर अंथरलेलं तूस ओलं होतं. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते. भिजलेल्या पिसांत ऊब राहत नाही. कोरडं पिल्लू बराच गारवा सोसतं, ओलं पिल्लू सोसत नाही. आजींनी उत्तरेकडची बाजू खालपासून बंद केलीय आणि वर, आढ्याखाली, वीतभर फट ठेवलीय. वारा अंगावर येत नाही, वाफ मात्र निघून जाते. वाकून त्या पिल्लाच्या उंचीवर श्वास घेतात. डोळ्यांना झोंबत नाही.

खाली चार बोटं भाताचं तूस. बसायला गोल काठी नाही, सपाट फळी, म्हणजे बसल्यावर बोटं पोटाखाली झाकली जातात. संध्याकाळी मक्याचा भरडा जास्त, कारण रात्रभर अंग तापवायला पोटात इंधन हवं. सकाळी पाणी कोमट. मोठ्या कोंबड्या पलीकडे, वेगळ्या.

(सहा दिवसांनंतर. संध्याकाळ.)

आज दुपारी बारा वाजता पिल्लांना इथं सोडलं, अंधार पडायच्या आत जागा ओळखीची व्हावी म्हणून. तरी तिन्हीसांजेला सगळी जुन्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आजी एकेक उचलून आणतात, फळीवर ठेवतात. साठ वेळा.

(पहाट. शेकोट्या विझत आलेल्या.)

आजी फळकूट सरकवतात. आत हात घालतात, पिल्लांकडे नाही, तुसात. मूठभर तूस उचलून चोळतात.

"कोरडं आहे," म्हणतात, आणि दार उघडं टाकून मोजायला बसतात.