साडेपाचचा फुगा

[काळोख. ओली फरशी. शेडच्या दारातून येणारा पिवळा उजेड.]

पहाटेचे पाच वाजायला आलेत. सांताक्रूझची वेधशाळा. रात्रभर धो धो कोसळून पावसानं आत्ता कुठे उसंत घेतलीय. आत फुगा भरणं चाललंय. हायड्रोजन आहे, ठिणगी चालत नाही, म्हणून आमचा कॅमेरा दाराबाहेरच थांबलाय.

फुग्याच्या दोरीला चहाच्या पेल्याएवढं एक पांढरं खोकं बांधलंय. हा रेडिओसाँड. तापमान, आर्द्रता, दाब, सगळं वर जाता जाता मोजतो आणि खाली कळवत राहतो. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा ग्रिनिचला मध्यरात्रीचे बारा झालेले असतात. ही वेळ साऱ्या जगानं ठरवून घेतलीय. याच सुमारास शेकडो गावांहून असेच फुगे सुटतात. संध्याकाळी साडेपाचसाठी पुन्हा एकदा.

[फुगा सुटतो. चार सेकंद निवेदन नाही.]

मिनिटाला साधारण ३०० मीटर, या वेगानं तो चढतो. जुलै आहे, खाली पश्चिमेचा वारा आहे, त्यामुळे आधी तो ठाण्याच्या खाडीकडे सरकतो. सहा-सात किलोमीटरच्या वर मात्र वारा उलटा असतो, पूर्वेकडून येणारा आणि जोरदार. तिथे पोहोचला की फुगा मागे फिरतो, मुंबईच्या डोक्यावरून पुन्हा समुद्राकडे निघतो, आणि तीस-एक किलोमीटर उंचीवर फुटतो. खोकं अरबी समुद्रात कुठेतरी पडतं. ते शोधायला कुणी जात नाही. त्यानं सांगायचं ते सांगून झालेलं असतं: कुठल्या उंचीवर वारा किती, बाष्प किती, आणि आज ढग किती उंच वाढू शकतील.

[जुनी छायाचित्रं. जुहूचं मैदान.]

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, जुहूला उतरले. धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचं मोकळं मैदान. पावसाळ्यात त्याचा चिखल व्हायचा. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. म्हणजे आपल्या हवाई वाहतुकीच्या पहिल्या वर्षांत हवामानाला तोंड देण्याचा उपाय एकच होता, गाव बदलणं.

[पुणे. शिवाजीनगर. दगडी इमारत, मनोरा.]

त्याच पुण्यात ही इमारत. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. म्हणून पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि समोरचा चौकही त्याच नावाचा. विमानं उडू लागली तसा वरच्या वाऱ्याचा अंदाज लागणं गरजेचं झालं. त्यासाठी पायलट बलून. फुगा सोडायचा, थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीला, डोळा लावून त्याचा पाठलाग करायचा, दर मिनिटाला कोन लिहायचा आणि कोनांवरून वाऱ्याचं गणित मांडायचं. रात्री फुगा दिसावा म्हणून त्याखाली कागदी कंदील बांधत. आभाळात हेलकावत जाणारा एक ठिपका, आणि खाली मान अवघडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसलेला माणूस. आजच्या यंत्रांच्या मागे हा माणूस आहे, म्हणून त्याला इथे इतका वेळ दिला.

[विमानतळ. मेट ऑफिस. सकाळचे आठ.]

विमानतळावर वेधशाळेला सगळे ‘मेट’ म्हणतात. ड्यूटीवरच्या निरीक्षक मॅडम रात्रपाळी संपवत आल्यात. दर अर्ध्या तासाला एक ओळ पाठवायची असते, तिला म्हणतात मेटार. आठची ओळ अशी आहे:

व्हीएबीबी, २४०१२केटी, ३०००, उणे आरए, बीकेएन०१५, २७/२५, क्यू१००४, नोसिग.

व्हीएबीबी म्हणजे मुंबई. २४० अंशांवरून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, १२ नॉटचा वारा. ३००० मीटरपर्यंत दिसतंय. हलका पाऊस. आभाळाचे आठ भाग केले तर पाच ते सात भाग झाकलेले, आणि त्या ढगांचा तळ १५०० फुटांवर. तापमान २७, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २५. दोघांत दोनच अंशांचं अंतर उरलंय, म्हणजे हवा किती ओलीचिंब आहे ते बघा. क्यू हा दाब. वैमानिक उंचीमापक यावरच लावतो. दाब एका हेक्टोपास्कलनं चुकला तर उंची २७-२८ फुटांनी चुकते. शेवटचं ‘नोसिग’ म्हणजे पुढच्या दोन तासांत विशेष बदल नाही.

यातलं बरंचसं आता यंत्रं भरतात. धावपट्टीच्या कडेला दिसतोय तो दहा मीटरचा खांब, त्यावर वारा मोजला जातो. त्याच्या पलीकडे समोरासमोर उभी असलेली ही जोडी ‘दृष्टी’. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं बनवलेलं यंत्र. एका टोकाचा प्रकाश दुसऱ्या टोकाला किती क्षीण होऊन पोहोचतो, त्यावरून धावपट्टीवर किती लांबचं दिसेल ते सांगतं. पूर्वी अशी यंत्रं परदेशातून आणावी लागत. ढगांच्या तळासाठी लेसर आहे. जोगेश्वरीला वेरावलीच्या टेकडीवर २०२२ पासून पावसाचे ढग दुरून टिपणारं डॉप्लर रडार आहे.

[गच्ची. मॅडम कठड्याशी. वारा.]

तरीही त्या दर वेळी इथे येतात. कारण लेसर सरळ वर बघतो, त्याला फक्त डोक्यावरून जाणारा ढग कळतो. आभाळाच्या आठ भागांतला बाजूचा एखादा काळाकुट्ट भाग त्याच्या गावीही नसतो. मॅडम गोल फिरून चारही दिशा बघतात. घाटकोपरकडच्या टेकड्या दिसतात का? ती चिमणी? ती पाण्याची टाकी? कुठली खूण किती अंतरावर, हे पाठ असतं. रात्री त्याच जागी दिवे. हे शिकायला दोन-चार पावसाळे जातात. यंत्रं वाढवताना ही नजर असलेली माणसं कमी करू नयेत, असं आम्हाला इथे दोन दिवस उभं राहून ठामपणे वाटतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात शंभरही नाही. मुंबईचा पाऊस मुंबईभर सारखा नसतो. विमान उतरतं तिथली हवा तिथेच उभं राहून बघावी लागते.

[धावपट्टी २७. पावसात उतरणारं विमान. चाकांखालून उडणारं पाणी. निवेदन नाही.]

१४ सप्टेंबर २०२३. याच धावपट्टीवर, जोरदार पावसात, ७०० मीटर दृश्यमानता असताना एक छोटं जेट घसरून मोडलं. आतले आठही जण वाचले. २ ऑगस्ट १९८५, अमेरिकेतलं डॅलस. ढगातून खाली आदळलेल्या वाऱ्यात एक मोठं विमान सापडलं. १३७ मृत्यू.

असा वारा ज्या गडगडाटी ढगातून सुटतो तो क्युम्युलोनिम्बस. मेटचे लोक नुसतं ‘सीबी’ म्हणतात. मेटारमध्ये बाकी ढगांचे प्रकार लिहीत नाहीत, उंच वाढत चाललेला क्युम्युलस, म्हणजे ढिगासारखा ढग, आणि सीबी एवढे दोनच लिहावे लागतात. हवा अचानक बिघडली तर अर्ध्या तासाचीही वाट बघायची नाही. लगेच स्पेसी, म्हणजे वेळेआधीचा खास मेटार, पाठवायचा, आणि विमानांचं नियंत्रण करणाऱ्या टॉवरला कळवायचं.

[आठ वाजून वीस मिनिटं. गच्ची. पश्चिम क्षितिज.]

पाऊस थांबलाय. डोक्यावर चक्क उजेड आहे, आणि लेसरचा आकडा तर आठपेक्षा बरा. मॅडम मात्र समुद्राकडेच बघतायत. कॅमेऱ्याला तिथे नुसता राखाडी रंग दिसतोय. त्यांना त्यात एक कड दिसतेय, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, वर सरकणारी.

त्या जिना उतरून खाली येतात. अंदाज देणारे फोरकास्टर रडारच्या पडद्यासमोर बसलेत.

“सर, पश्चिमेला बांधतंय. सीबी वाटतोय.”

ते पडदा मोठा करतात. समुद्रावर एक लाल ठिपका आहे. मग पहाटेच्या फुग्याचा आलेख उघडतात. खालपासून वरपर्यंत बाष्प ठासून भरलेलं.

“किती वेळ आहे म्हणता?”

“अर्धा तास. फार तर पाऊण.”

साडेआठचा मेटार पडद्यावर तयार आहे. शेवटी ‘नोसिग’ आहे. ते पुसलं जातं. त्या जागी येतं: टेम्पो, १५००, टीएसआरए. अधूनमधून गडगडाटासह पाऊस, दृश्यमानता १५०० मीटर.

फोन उचलला जातो. “टॉवर, मेट बोलतेय.”

[बाहेर, उतरणाऱ्या विमानांची रांग. दिवे लागलेले.]