टाकीपासून नळापर्यंत

नमस्कार, श्रोतेहो.

बडोद्यात पाण्याचा विषय निघाला की वडीलधारी माणसं आजव्याचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. सयाजीराव महाराजांनी १८८५ साली त्या तलावाचं काम सुरू करवलं. विहिरींवर जगणाऱ्या शहरात पाणी नुसत्या उताराने, नळातून येऊ लागलं. पुढे मही नदीच्या काठी फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथे फ्रेंच विहिरी, म्हणजे नदीच्या वाळूखालून पाणी घेणाऱ्या खोल विहिरी, झाल्या. तिथे नदीची वाळूच पाणी गाळते. उगमाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. पण आज मला त्यापुढच्या वाटेबद्दल बोलायचं आहे: टाकीपासून तुमच्या नळापर्यंतच्या. पादरा, डभोई, सावली, करजण इथे ऐकणाऱ्यांनी तर जरूर ऐकावं.

जुन्या शहरातल्या माझ्या दवाखान्यात कावीळ आणि विषमज्वराचे रोगी बहुधा पुंजक्याने येत. एकाच पोळीतली, म्हणजे जुन्या शहरातल्या एकाच गल्ली-वस्तीतली, चार घरं, आणि पलीकडच्या पोळीत कुणालाही काही नाही. टाकी एकच. मग दोष टाकीत कसा असेल?

तो असतो जमिनीखाली. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं. ते बंद झालं की नळवाहिनी रिकामी होते आणि आतला दाब जातो. बाहेरची माती मात्र गटाराच्या पाझराने भिजलेलीच असते. सांधा सैल असेल, नळीला गंजाने भोक पडलं असेल, तर ते घाण पाणी आत ओढलं जातं. सगळ्यात जास्त घात करते ती मुख्य वाहिनीपासून घरात येणारी अर्ध्या इंचाची लोखंडी नळी. गल्लीत उतरून बघा, कितीतरी ठिकाणी ती सरळ गटारातून गेलेली दिसेल.

हे तपासून पाहिलेलं आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागलं, बाकीच्यांना पूर्वीसारखंच अधूनमधून. अभ्यासकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने घेतले. अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जिवाणू, सापडले. चोवीस तासांच्या पाण्यात ते प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. शहर तेच, फरक पडला तो दाबाचा.

म्हणून नळ आल्या आल्या जे पाणी येतं, ते सगळ्यात वाईट. आपल्या बायका काय करतात? नळ आला की कालचं शिळं म्हणून पिंप ओततात आणि पहिल्या धारेचं ताजं भरतात. बायांनो, झाकलेलं कालचं पाणी त्याहून पुष्कळ बरं. पहिल्या बादल्या धुण्याला, फरशीला घ्या. धार स्वच्छ झाली की मग पिण्याचं भरा. आणि माठात हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. दुसरी गोष्ट, नळाला थेट मोटर लावू नका. पाणी कमी आलं की लोकांना दुसरं सुचत नाही, हे मला समजतं. पण मोटर पाण्याबरोबर शेजारच्या फुटक्या सांध्यातली घाणही खेचते, आणि ती फक्त तुमच्याच घरात येते असं नाही, शेजाऱ्यांकडेही जाते.

छोट्या गावात पाणीपुरवठा बहुतेक एकाच माणसाच्या हातात असतो: वॉल्व फिरवणाऱ्याच्या. कुठल्या गल्लीला किती वेळ, पावडर किती टाकायची, सगळं तोच बघतो. ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं, ओल्या जागी पडलं तर तिचा जोर उतरत जातो. मोजून टाकली तरी उपयोग होत नाही. पावडर मिसळल्यावर अर्धा तास तरी थांबावं लागतं. पाणी गढूळ असेल तर पावडरीतला क्लोरीन त्या गाळातच खर्च होतो. आणि शेवटच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन तपासायच्या छोट्या साधनात, नमुन्यात औषधाचे दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, एवढी सोपी तपासणी. ती टाकीजवळ न करता वस्तीच्या टोकाला, सगळ्यात गरीब गल्लीत व्हायला हवी. या माणसाला नीट शिकवणं, वेळेवर पगार देणं, हे मी गावाच्या आरोग्यावरचाच खर्च समजते.

नुसत्या क्लोरीनवरही विसंबता येत नाही. १९५५च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेतून घेतल्या जाणाऱ्या पाण्यात सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला होता, विषमज्वर वाढला नाही. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हेपटायटिस ई, म्हणजे पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होणारी कावीळ होती, हे फार पुढे कळलं. घाण आत येऊच न देणं हाच खरा उपाय, आणि त्यासाठी वाहिनीत सतत दाब हवा. कराडजवळच्या मलकापूरने हे केलं आहे. लहान गाव, पण चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर, जास्त वापराला जास्त दर. छोट्या गावाला झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन पाहावं.

आणखी एक. विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर ते पाणी वाहून गेलेलं असतं आणि नमुना स्वच्छ निघतो. नगरपालिका म्हणते पाणी चांगलं, लोक म्हणतात पाण्यानेच झालं. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून रोगाची वाट पाहू नका. वास आला, गढूळ आलं, की त्याच सकाळी तक्रार नोंदवा. त्याआधी शेजारच्या दोन घरी विचारा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर बिघाड मुख्य वाहिनीत. फक्त तुमच्याकडे असेल तर तुमच्या घरच्या नळीत. तक्रारीत वेळ लिहा, किती बादल्या खराब आल्या तेही लिहा.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळ उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. घरात गर्भवती असेल तर यात एक दिवसही हयगय नको: शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झालेल्या शंभरांतल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तिचे डोळे पिवळे दिसले, तर घरगुती औषधात वेळ न घालवता तिला थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

नमस्कार.