जारमधलं शेवाळ आणि पंपाचं बिल

[दृश्य: खिडकीतला २० लिटरचा पाण्याचा जार. आत हिरवं पाणी, तळातून वर येणारे बुडबुडे.]

ऑफिसात, दुकानात असतो तोच हा पाण्याचा जार. आत मासे पाळणारे वापरतात तो हवेचा पंप, नळीच्या टोकाला एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड. पाण्यात चिमूटभर १९:१९:१९, ठिबकवाल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचं विद्राव्य खत. आणि क्लोरेला नावाच्या शेवाळाचं कल्चर, म्हणजे विरजणच म्हणा. आठवडाभरात पाणी पोपटी होतं. पंधरवड्यात इतकं गर्द, की जारमागे धरलेला हात दिसत नाही.

या जारबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. यातून तेल निघतं आणि त्या तेलाचं डिझेल होतं, ही एक. आणि हा जार हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, ही दुसरी. दोन्ही खऱ्या. फक्त पुढचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही.

[जवळून: पंपावरचं लेबल, ३ वॅट.]

३ वॅट म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण हा पंप बंद ठेवून चालत नाही. शेवाळ तळाशी बसलं की सडायला लागतं. चोवीस तासांत ७२ वॅट-तास. दर चौदा दिवसांनी एक युनिट.

असा पंप मिनिटाला साधारण ३ लिटर हवा ढकलतो. दिवसाची झाली सव्वाचार घनमीटर. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो लाखात ४२ भाग, म्हणजे एका घनमीटरमागे जेमतेम पाऊण ग्रॅम. या नळीतून अख्ख्या दिवसात जारमध्ये जातो सव्वातीन ग्रॅम. शेवाळाने त्यातला कण न् कण टिपला असं धरू. तसं होत नाही, बरेचसे बुडबुडे आले तसे वर निघून जातात. पण धरू.

आता खर्चाची बाजू. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. आपल्या पंपाच्या वाट्याला दिवसाला ५० ग्रॅम. तीन पकडायला पन्नास सोडले.

मग पंप सोलरवर चालवू! चालवा की. पण एक चौरस मीटरचं पॅनल आपल्या उन्हात दिवसाला पाऊण ते एक युनिट वीज देतं. तेवढ्याच जागेत, उत्तम निगा राखून, शेवाळ मिळतं दिवसाला १५ ग्रॅम, तेही सुकवल्यावर. त्यात पाव हिस्सा तेल धरलं तर चार ग्रॅमही भरत नाही. त्या तेलातली ऊर्जा एका युनिटचा साधारण पंचविसावा भाग. पॅनलची वीज थेट वापरण्याऐवजी मध्ये शेवाळ घालायचं कारण मला तरी सापडत नाही.

[दृश्य: पातेल्यावर ताणलेलं सुती कापड, त्यावर ओतलेलं हिरवं पाणी. पाणी हिरवंच खाली उतरतं. कापड जवळजवळ कोरं.]

आणि तेल काढण्याआधी शेवाळ पाण्यातून वेगळं काढायचं असतं. क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. कापडातून ती पाण्याबरोबर सरळ खाली जाते. २० लिटरच्या जारमध्ये सुकं शेवाळ असतं दहा ग्रॅमच्या आसपास; बाकी सगळं पाणी. ते काढायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरून गाळ वेगळा करणारं यंत्र, फिरवा, नाहीतर तुरटीसारखं काही टाकून गाळ बसवा आणि मग तो सुकवा. प्रत्येक पायरीला ऊर्जा लागते.

स्पिरुलिना नावाच्या दुसऱ्या शेवाळाचं बरं असतं. तिच्या मळसूत्री धाग्यांचा थर कापडावर छान धरतो. पण तिच्यात तेल अगदीच थोडं. शिवाय घरी वाढवताना पाण्यात लिटरमागे आठ-दहा ग्रॅम खायचा सोडा घालतात. तिच्या अंगातला बराचसा कार्बन हवेतून न येता त्या पुड्यातून येतो.

तेल निघालंच, तर त्याचं बायोडिझेल करायला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लागतो. मिथेनॉल विषारी, चटकन पेट घेणारं. स्वयंपाकघरात हा उद्योग कुणीही करू नये.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या नळ्या.]

हे स्वप्न आजचं नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गच्चीवर क्लोरेला वाढवून पाहिलं गेलं. तेव्हा डोळ्यांसमोर जगाची भूक होती. तेलटंचाईच्या काळात, १९७८ मध्ये, अमेरिकी सरकारने इंधनासाठी शेवाळाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तीन हजारांवर वाण गोळा केले. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार चौरस मीटरचे तलाव खणले. तिथल्या गार रात्रींनी उत्पादन पाडलं. नत्र, म्हणजे नायट्रोजन, देणं बंद केलं की शेवाळ तेल साठवतं, हे नीट समजलं. आणि त्याच उपासमारीत त्याची वाढ थांबते, हेही. १९९६ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने याच कामासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ च्या सुरुवातीला अंग काढून घेतलं. आपल्याकडे भावनगरच्या मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने २०१२ मध्ये शेवाळाच्या डिझेलवर गाडी चालवून दाखवली. गाडी चालते, यात वाद नाहीच.

घराच्या भिंतीवरही प्रयोग झाला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये २०१३ पासून एक इमारत उभी आहे, तिच्या उन्हाच्या बाजूला काचेच्या १२९ चपट्या टाक्या आणि आत शेवाळ. दिसते फार देखणी. पण तिच्यातूनही शेवाळापेक्षा उष्णताच जास्त हाती लागते.

[दृश्य: रायगड जिल्हा. पाण्याने भरलेली भातखाचरं.]

तरीही, घरी वाढवावं असं एक शेवाळ आहे. ते डिझेल देत नाही, युरिया वाचवतं.

भाताच्या खाचरात वर्षानुवर्षं खत न घालताही पीक येतं, मग त्याला लागणारं नत्र येतं कुठून? शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं, की ते साचलेल्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाकडून येतं. अ‍ॅनाबिना, नॉस्टॉक ही मंडळी हवेतला नत्र थेट बांधतात, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात. (शास्त्रज्ञ यांना जिवाणूंत धरतात. बांधावर सगळे शेवाळच म्हणतात.)

वाढवायला पंप लागत नाही. प्लास्टिक अंथरलेला वीतभर खोल वाफा, त्यात चाळलेली माती, थोडं सुपर फॉस्फेट खत, चार बोटं पाणी. वर शेवाळाची भुकटी भुरभुरायची. दहा-पंधरा दिवसांत जाड साय धरते. मग पाणी आटू द्यायचं. ऊन लागलं की ती साय तडकते आणि तिचे पापुद्रे हाताने उचलता येतात. गाळणं, सुकवणं, सगळं ऊनच करतं.

लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी दहा किलो पापुद्रे उभ्या पाण्यात टाकतात. जमलं तर हंगामात २० ते ३० किलो नत्र मिळतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत असतं २०.७ किलो. म्हणजे हेक्टरमागे गोणी-दीड गोणी. आणि युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. याच रायगडात, थळच्या कारखान्यात तो बनतो. गोणी वाचली, तेवढा वायू जळायचा वाचला.

युरिया पूर्ण बंद करून मात्र भागत नाही. मात्रा कमी करायची. आयतं नत्र भरपूर मिळालं की हे शेवाळ हवेतलं बांधायचं सोडून देतं. खाचरात गोगलगायी माजल्या तर त्या ते फस्त करतात. आणि पाणी हटलं, तर पुन्हा टाकावं लागतं.