मूल वाचत नाही म्हणजे नक्की काय होतंय? पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी पुस्तकं निवडताना

नमस्कार मंडळी. पहिली ते पाचवीच्या मुलांचे पालक भेटले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "हा वाचतच नाही हो, एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना."

आज मी एकाही पुस्तकाचं नाव घेणार नाहीये. कारण मुलाला काय अडतंय ते कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं. त्याला वाचता येत नाही? येतं, पण वाचताना दमायला होतं? की अगदी छान येतं, पण वाचावंसंच वाटत नाही? वरून तिन्ही मुलं सारखीच दिसतात. पुस्तक पुढे केलं की पाणी प्यायला पळतात. पण तिघांचं दुखणं वेगळं आहे.

ओळखायचं कसं? मुलाने आधी न पाहिलेलं एखादं पुस्तक घ्या, शेजारी बसा आणि त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला सांगा. आणि तुम्ही गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, आधीच सांगते! चुकलेला शब्द दुरुस्त करायला जीभ शिवशिवते. करू नका. फक्त ऐका.

समजा पानावर वाक्य आहे, 'वाऱ्याच्या झुळुकीने पडदा हलला.' पहिलं मूल शब्दाखाली बोट ठेवतं. "वा... वार... वाऱ्या... च्या." मग 'झु' म्हणून थांबतं, चित्राकडे बघतं, तुमच्या तोंडाकडे बघतं, आणि 'झुडपाने' म्हणून मोकळं होतं. वाक्य संपलं. आता विचारा, काय हललं? मूल गप्प. लक्ष नव्हतं म्हणून गप्प नाहीये ते. सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात गेली, अर्थासाठी काही शिल्लकच राहिली नाही.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी हे एका सूत्रात मांडलं. वाचून समजणं म्हणजे छापलेला शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. यातली गंमत 'गुणिले' मध्ये आहे. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीने सांभाळून घेतलं असतं. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की उत्तर शून्य. घरात कितीही गप्पागोष्टी होत असू देत, शब्द उलगडता येत नसेल तर पान मुकंच राहणार.

अशा मुलाला आधी जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ यांचा सराव हवा. क्रमाने, रोज थोडा थोडा. त्याच्यासाठी पुस्तक निवडताना नुकतीच शिकून झालेली अक्षरं जास्त असतील, वाक्यं छोटी असतील आणि पानावर दोन-तीनच ओळी असतील असं बघा. आणि चित्र बघून शब्द ओळखायला शिकवू नका. "चित्र बघ ना, काय असेल?" हे आपण फार सहज बोलून जातो. पण त्याने अंदाज बांधायची सवय लागते, आणि चित्रं कमी झाली की तिसरी-चौथीत ती सवय उघडी पडते. चित्र बघायचं, जरूर बघायचं, पण शब्द वाचून झाल्यावर.

डोळे एकदा तपासून घ्या. नीट सराव होऊनही काही महिन्यांत फरक पडत नसेल, तर वाचन-अडचणींच्या तज्ज्ञांना दाखवा. डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातल्या अडचणीचा, हुशारीशी संबंध नसतो. "होईल मोठा झाला की" म्हणत वर्षं काढण्यात मुलाचंच नुकसान आहे.

मात्र या मुलाच्या गोष्टी बंद करू नका. त्याच्या हातात सोपं पुस्तक असेल, पण तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक चांगलं भरभक्कम असू द्या. प्राथमिक शाळेच्या बहुतेक काळात मुलांना ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून समजत नाही. दुसरीतलं मूल चौथी-पाचवीची गोष्ट मजेत ऐकतं. आणि वाचून दाखवण्यात एक गोष्ट मिळते जी नुसत्या बोलण्यात मिळत नाही. १९८८ साली डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी वेगवेगळ्या ठिकाणची भाषा शब्द मोजून तपासली होती. कॉलेज शिकलेली मोठी माणसं एकमेकांशी गप्पा मारताना जेवढे कमी प्रचलित शब्द वापरतात, त्याहून जास्त लहान मुलांच्या पुस्तकांत सापडले. घरात दिवसभर आपण काय बोलतो? आवर, जेव, चप्पल कुठेय, अभ्यास झाला का. 'झुळूक' त्यात कधी येणार?

आता दुसरं मूल. ते बरोबर वाचतं, पण अडखळत, एकसुरी. दोन पानं झाली की जांभई. या मुलाला शिकवण्यापेक्षा जास्त हवाय तो सराव, आणि सराव म्हणजे भरपूर सोपी पुस्तकं.

इथे पालक आडवे येतात. "हे तर पहिलीचं पुस्तक आहे, तू तिसरीत आहेस ना?" असू दे की! सोपं पुस्तक वाचताना शब्द आपोआप ओळखीचे होत जातात, आणि ते झाले की डोकं अर्थाकडे वळतं. दुसरी तक्रार, "तेच पुस्तक परत परत वाचतो." उत्तम! एस. जे. सॅम्युअल्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेली वाचनाचा ओघ वाढवण्याची पद्धतच मुळी तीच आहे, तोच छोटा उतारा सहज वाचता येईपर्यंत पुन्हा वाचायचा. आपल्याला मुद्दाम करून घ्यावं लागलं असतं ते मूल हौसेने करतंय, तर मध्ये पडू नका.

मालिकांमधली पुस्तकंही याच मुलासाठी. तोच नायक, तेच मित्र, तीच गल्ली. मोठ्यांना कंटाळा येतो, कारण सगळं एका साच्यातलं असतं. मुलाचा त्या साच्यामुळेच फायदा होतो. नवीन पुस्तक उघडलं तरी निम्म्या गोष्टी आधीच माहीत असतात, तेवढा भार कमी. पहिला भाग आवडला की दुसरा भाग हाताशी असू द्या, मध्ये आठ दिवस जाऊ देऊ नका.

आणि कॉमिक्स. दर वेळी विचारता म्हणून एकदाच सांगते, हो, कॉमिक्स वाचणं हे वाचनच आहे. पुढचं.

तिसरं मूल मला सगळ्यात जास्त भेटतं. फाडफाड वाचतं, समजतं सगळं, पण पुस्तक हातात घेत नाही. इथे मात्र पुस्तकाची निवड हाच उपाय आहे, आणि नेमके इथेच आपण सगळ्यात जास्त गोंधळ घालतो.

पहिला गोंधळ म्हणजे वाचन म्हणजे गोष्टीचं पुस्तक असं गृहीत धरणं. नेल ड्यूक या संशोधिकेने अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांत निरीक्षण केलं. २००० साली ते प्रसिद्ध झालं. माहितीपर मजकूर मुलांसमोर किती वेळ येत होता? दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं. पहिलीतल्या मुलांना मुंग्या, यंत्रं, ग्रह, हाडं यांचं किती कुतूहल असतं बघा, आणि वाट्याला येतात साडेतीन मिनिटं. कितीतरी 'न वाचणारी' मुलं डायनोसॉरचं पुस्तक दिलं की जीभ अडखळेल अशी नावं घडाघडा म्हणतात. राजकन्या आणि कोल्हा यांत त्यांना रस नव्हता, एवढंच.

आवडीच्या विषयाचा दुसरा फायदा १९८८ च्या एका प्रयोगात दिसला. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे मुलाला ज्यातलं कळतं त्या विषयाचं पुस्तक त्याच्या पातळीच्या वरचं असलं तरी बिनधास्त द्या.

दुसरा गोंधळ बक्षिसांचा. दहा पुस्तकं वाच, सायकल घेऊ. भिंतीवर तक्ता, चांदण्या, शिक्के. १९७३ चा मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा प्रयोग बघा. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात नुसते ठेवले. बक्षीस ठरवून काढणारी मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ त्या पेनांकडे वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. तेव्हा वाचलं म्हणून अचानक खूश होऊन काही दिलंत तर हरकत नाही. सौदा करू नका. आणि द्यायचंच असेल तर पुस्तक द्या.

तिसरा गोंधळ, पुस्तक मिटल्याक्षणी सुरू होणारी उलटतपासणी. "काय शिकलास यातून?" तुम्ही एखादा सिनेमा बघून आलात आणि दारातच कुणी 'तात्पर्य सांगा' म्हणालं तर? मुलाने आपणहून सांगितलं तर कान देऊन ऐका. नाही सांगितलं तर सोडून द्या. फार वाटलं तर स्वतःचं काहीतरी बोला. "मला तो दुकानदार अजिबात आवडला नाही." बघा, लगेच भांडायला येईल.

(तीन पुस्तकं हातात घेत) आता प्रत्यक्ष कपाटासमोर उभं राहून काय बघायचं ते दाखवते. मुखपृष्ठ बाजूला ठेवा, ते विकण्यासाठीच केलेलं असतं. 'वयोगट ७ ते ९' हेही फार मनावर घेऊ नका.

पुस्तक मधेच कुठेतरी उघडा आणि अर्धं पान मोठ्याने वाचा. दुकानात, सगळ्यांसमोर, लाजू नका. तुमची जीभ अडखळली तर भाषा कृत्रिम आहे. हे बघा. (पहिलं पुस्तक कॅमेऱ्याजवळ आणत) इथे लहान मुलगा आपल्या मित्राला 'तू माझे म्हणणे विचारात घ्यावेस' म्हणतोय. कोणतं आठ वर्षांचं मूल असं बोलतं? परत कपाटात. हे दुसरं. चित्रं सुरेख आहेत, पण मजकूर चित्राच्या गडद भागावर छापलाय. अक्षर दिसायलाच त्रास. वाचणाऱ्या मुलासाठी नको, वाचून दाखवायला चालेल. हे तिसरं. पहिल्याच पानावर काहीतरी हरवलंय आणि कुणीतरी रागावलंय. पात्रं दोनच. प्रकरणं चार-चार पानांची, म्हणजे झोपायच्या आधी एक सहज होईल. हे घ्यायचं. जाता जाता शेवटचं पानही बघते मी. तिथे चौकटीत 'बोध' छापलेला असला की माझा हात आपोआप मागे येतो. लेखकाचाच आपल्या गोष्टीवर भरवसा नाही, मी कशाला ठेवू?

अवघड आहे का ते मुलाला स्वतःला बघता येतं. साधारण शंभर शब्दांचं पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाची बोटं दुमडली तर पुस्तक सध्या जड आहे. पण मूल म्हणालं, असू दे, मला हेच हवंय, तर घेऊ द्या. जड जागा तुम्ही वाचून दाखवा.

शेवटी निवडायचं कुणी? पाच-सहा पुस्तकं तुम्ही काढा, त्यातलं एक मूल निवडेल. शेकडो पुस्तकांसमोर नुसतं उभं केलं तर ते गांगरतं, आणि एकच हातात कोंबलं तर ती आज्ञा होते. ग्रंथालयशास्त्राचे शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतली दोन आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या पाच-सहा पुस्तकांत मुलाला आपल्यासारखं घर, आपल्यासारखी माणसं दिसतील असं एखादं असू द्या, आणि ज्या जगाची त्याला कल्पनाच नाही असंही एखादं. निवडलेलं पुस्तक दहा पानांत आवडेनासं झालं तर सोडायची मुभा द्या. "घेतलंयस तर पूर्ण कर" या दटावणीने पुढच्या वेळी ते सगळ्यात बारीक पुस्तक शोधतं. मुलं व्यवहारी असतात.

एक वेगळा प्रश्नही येतो. मुलगी तिसरीत आहे आणि मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या वाचते, काय करू? शब्द वाचता येणं आणि आशय पेलणं या दोन गोष्टी आहेत. हिसकावून घेऊ नका. तुम्हीही ते पुस्तक चाळा, कुठे काय आहे ते माहीत असू द्या, आणि तिने विचारलं तर सरळ उत्तर द्या. भीतीदायक किंवा फार क्रूर भाग असेल तर तो एकत्र वाचा. बहुतेक वेळा जे झेपत नाही ते मुलं स्वतःच ओलांडून पुढे जातात. तिच्या वयाची पुस्तकंही आसपास राहू द्या, ती त्यांच्याकडे परत येते.

पुढच्या भागात मोठ्याने वाचून दाखवताना कुठे थांबायचं, आवाज किती बदलायचा, आणि मूल मध्येच प्रश्न विचारत सुटलं तर काय करायचं, ते एक गोष्ट वाचूनच दाखवते. तुमच्या घरातलं मूल या तिघांपैकी कोणतं, ते खाली लिहून ठेवा. त्यावरून गोष्ट निवडते.